गाडीखालचा टॉवेल

आधी बॉनेटवर तळवा ठेवला. गार.
म्हणजे मी येण्याआधी कुणी तिला तापवून ठेवलेली नाही.
हिरेमठ मॅडम पायरीवरून म्हणाल्या,
‘चौतीस वर्षं गणित शिकवलंय, लपवाछपवी जमत नाही.
एसी मेलाय. मागची डावी काच वर जाते,
तिच्या मनात आलं तर.’

पॅलिओ, सोळाशे सीसी, दोन हजार दोनची, पेट्रोल.
जिथून घेतली ते शोरूम आता मंगल कार्यालय आहे.
गाडी रेल्वे लाइन्समध्ये कडुलिंबाखाली
पानं पांघरून उभी.

ऑइलच्या झाकणात आतून बोट फिरवलं:
काळं चालेल, साय नको.
साय नव्हती.
कूलंटच्या डबीत मात्र तांबूस, गढूळ, नळाचं.
आम्हाला पाणी चार दिवसांनी,
हिला मात्र रोज पाजलेलं, आणि तेच बाधलेलं.
होज दाबला, तर कडक भाकरीसारखा करकरला.

मग किल्ली.
मी माणूस मागाचा.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकोणतीस वर्षं जॉबर.
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
सतराव्याचा पिकर सैल झालाय
हे चहा पिता पिता ओळखायचो.
शेड विकली, माग भंगारात गेले.
कान कुणी मागितले नाहीत.
ते मी घरी आणले.

टिक टिक टिक.
अर्ध्या मिनिटात ऑइल वर चढलं, टिकटिक विरली.
हे ठीक.
पण पुढून, पट्ट्याच्या झाकणाआडून,
एक बारीक सुंऽऽ,
तेलाला मुकलेल्या बॉबिनीची.

‘टायमिंग बेल्ट कधी बदलला?’
मॅडमनी वही आणली.
निळी शाई, पट्टीनं आखलेले रकाने,
लिटर, किलोमीटर, तारीख.
एकावन्न हजार चारशे: बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप.
पुढे अक्षर मोठं होत गेलेलं,
मग रकान्याबाहेर,
मग कोरी पानं.
मीटर म्हणत होता, एक लाख सात हजार.
‘डोळे,’ एवढंच बोलल्या.
आणि थोड्या वेळानं, ‘भाचा चालवायचा. तो लिहीत नाही.’

मागावर बाण्याचा एक धागा तुटला
की माग आपला आपण थांबतो.
ज्यानं तो बनवला, त्यानं तुटणं हिशेबात धरलेलं.
इथे पट्टा तुटला
तर पिस्टन तसाच वर येतो
आणि व्हॉल्व्ह वाकवतो.
इटलीतला माणूस इतका हुशार,
त्याला कुणी धागा तुटताना दाखवला नव्हता काय?

‘घेतो,’ म्हणालो आणि किल्ली काढून घेतली.
बशीर जमादारचा टेम्पो आला, दोर बांधला,
सात रस्त्यावर लोक बघत होते,
घेतली म्हणतात, आणि ओढत नेतोय.

दिल्लीहून आलेल्या बेल्टचे दात मोजले: दोन कमी.
परत पाठवला.
दुसरा कोइमतूरहून, अकरा दिवसांनी.
प्लग काढले: तिघं भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचे,
चौथा काजळी.
बशीर म्हणाला, ‘मामा, एवढ्यात म्हैस आली असती.’
म्हटलं, ‘तिचे पार्ट तू आणशील?’

रात्री गाडीखाली पांढरा टॉवेल पसरायचो,
आमच्याच शेडचा, किनार चुकलेला, सेकंडचा माल.
सकाळी गुडघ्यावर बसून वाचायचा:
हिरवा थेंब कूलंट, तांबडा स्टिअरिंग, काळा ऑइल.
पहिल्या सकाळी तिन्ही.
आठव्या सकाळी एकच, काळा, मसुरीएवढा.
आज
मांजराच्या पावलांची एक ओळ,
आत आलेली, बाहेर गेलेली.

वहीच्या कोऱ्या पानावर लिहिलं.
माझं अक्षर त्यांच्या रकान्यात मावत नाही.
फोन करून वाचून दाखवलं:
बेल्ट, टेन्शनर, पंप, चारी प्लग, होज तीन.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग, ‘लिटरला किती देते?’
‘अकरा,’ म्हटलं.
‘नऊ,’ मॅडम म्हणाल्या.